ब्लॉक कापून पाहिल्याशिवाय
(प्रस्तावना)

शेंद्र्याच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना २००१ साली सुरू झाला. २०१३ पासून तिथे तिसऱ्या पिढीची ऑक्टाविया जोडली जाऊ लागली आणि एकाच गाडीला तीन इंजिने मिळू लागली: १.४ लिटरचे पेट्रोल, १.८ लिटरचे पेट्रोल आणि २ लिटरचे डिझेल. यातल्या १.४ लिटरच्या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, बाकी दोन्हींचे बिडाचे. त्याच वसाहतीत २०१५ पासून पर्किन्सची ४००० मालिकेतली, जनरेटरला लागणारी थोरली इंजिने तयार होतात. त्यांचे ब्लॉकही बिडाचेच.

बीड म्हणजे मागासलेले आणि ॲल्युमिनियम म्हणजे पुढारलेले, हा समज शेंद्र्याच्या फाटकातच गळून पडतो. कोणत्या इंजिनाला कोणता धातू वापरायचा हे दोन गोष्टींवर ठरते. त्या इंजिनाला काय सोसायचे आहे, ही पहिली. ते सोसेल याची खात्री कारखान्याला करून घेता येते का, ही दुसरी. पहिल्या गोष्टीवर भरपूर लिहिले गेले आहे; दुसरीवर, निदान मराठीत, फार थोडे. पुढची पाने त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहेत. धंद्याच्या गाड्यांत ॲल्युमिनियमचा ब्लॉक आला तेव्हा त्याची परीक्षा कशी झाली, कुठे तोकडी पडली, आणि आपल्याकडे ती कशी घेतली जायला हवी, हा त्यांचा विषय.

हे सगळे छत्रपती संभाजीनगरातून लिहिण्याला कारण आहे. १९८५ साली बजाज ऑटोने वाळूजला कारखाना सुरू केला आणि त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी इथे ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचा उद्योग मांडला. तोच पुढे एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज झाला. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये डाय घडवण्याचे शिक्षण मिळते. नगर रोडपासून जालना रोडपर्यंत ॲल्युमिनियम ओतणारी, फेटलिंग करणारी, मशिनिंग करणारी, तपासणारी माणसे आता गल्लोगल्ली भेटतात. आयटीआय करून लागलेला मुलगा दोन वर्षांत कास्टिंग हातात घेऊन नुसत्या पृष्ठभागावरून सांगतो की डाय थंड होती. हे ज्ञान मोठे आहे, आणि ते बहुतेक तोंडीच राहिले आहे.

धंद्याच्या गाडीतले ॲल्युमिनियम म्हटले की आपण ट्रककडे पाहतो. खरे तर आधी रिक्षाकडे पाहायला हवे. व्हेस्पाच्या रचनेवरून आलेल्या जुन्या टू-स्ट्रोक रिक्षाचे क्रँककेस ॲल्युमिनियमचे, दोन उभे अर्ध जोडून केलेले. त्यावर बसणारा सिलिंडर बिडाचा आणि त्यावरचे हेड पुन्हा ॲल्युमिनियमचे. पिस्टन जिथे घासतो तिथे बीड. जिथे नुसता आधार द्यायचा किंवा उष्णता बाहेर टाकायची तिथे ॲल्युमिनियम. कामाची ही वाटणी फार समंजस होती. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचा पुढचा इतिहास म्हणजे ही वाटणी कुठवर मोडता येते याची चाचपणीच.

ती मोडावीशी का वाटते, हे आकडे सांगतात. बिडाची घनता सुमारे ७.२, ॲल्युमिनियमची २.७. ब्लॉकला लागणारी मिश्रधातू उष्णता बिडाच्या दुपटीहून अधिक वेगाने वाहून नेते. धंद्याच्या गाडीत वाचलेला प्रत्येक किलो मालाला मिळतो, म्हणून मालकालाही तो हवा असतो. उलट बाजूही तितकीच ठळक आहे. ॲल्युमिनियम बिडापेक्षा लवचीक, २०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याची ताकद झपाट्याने उतरते, आणि तापल्यावर ते जवळपास दुप्पट फुगते.

हे फुगणे किती, याचा ढोबळ हिशेब करून पाहा. ६० मिलिमीटर व्यासाचे मेन बेअरिंग घ्या. इंजिन ८० अंशांनी तापले की ॲल्युमिनियमचे घर सुमारे ०.१०५ मिलिमीटरने वाढते आणि आतला पोलादी शाफ्ट ०.०५८ मिलिमीटरने. फरक जवळजवळ ४७ मायक्रॉन. तेलाच्या थरासाठी मुळात ठेवलेली जागा साधारण तेवढीच असते. म्हणजे थंड इंजिनात नेमके बसवलेले बेअरिंग गरम इंजिनात दुपटीने सैल होते, आणि तेलाचा दाब पडतो. म्हणून कित्येक ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये बेअरिंगच्या जागी बिडाच्या कॅप किंवा ओतताना आत धरलेले बिडाचे तुकडे असतात. असा ब्लॉक वीस अंशांवर मोजून पास करणे म्हणजे निम्मीच परीक्षा घेणे.

इतिहासात पहिली नोंद घ्यावी ती मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टच्या गार्डनर कंपनीची. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या बस आणि लॉऱ्यांत तिची एलडब्ल्यू मालिकेतली डिझेल इंजिने नावाजली गेली. क्रँकशाफ्ट पेलणारी खालची पेटी ॲल्युमिनियमची आणि वरचे सिलिंडर ब्लॉक बिडाचे, अशी त्यांची घडण. रिक्षाच्याच तत्त्वावर, पण कितीतरी मोठ्या मापात. फोक्सवॅगनने १९५० साली काढलेल्या ट्रान्सपोर्टर व्हॅनने क्रँककेससाठी ॲल्युमिनियमपेक्षाही हलकी मॅग्नेशियमची मिश्रधातू घेतली, पण सिलिंडर सुटे आणि बिडाचेच ठेवले.

मोडणी खरी सुरू झाली ती साठच्या दशकात. १९६३ साली स्कॉटलंडमधल्या लिनवूडला हिलमन इम्प ही छोटी गाडी आली. ८७५ सीसीचे इंजिन, ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, सिलिंडरसाठी आत बिडाचे लायनर. १९६५ मध्ये तिच्यावरूनच कॉमर इम्प नावाची मालवाहू व्हॅन निघाली. इंजिन गोड आणि हलके होते, पण सुरुवातीच्या काळात पाण्याचा पंप, तापणे आणि हेड गॅस्केट यांनी गिऱ्हाइकांना छळले. ॲल्युमिनियमचे इंजिन एकदा तापले की बिडासारखी दुसरी संधी देत नाही, हे तिथे हजारो लोकांना एकदम कळले.

१९६४ साली चेकोस्लोव्हाकियातल्या म्लादा बोलेस्लाव्हमध्ये स्कोडा १००० एमबी बाहेर पडली. शेंद्र्याच्या कारखान्याचे हे मूळ गाव, म्हणून या उदाहरणाशी मी जरा रेंगाळतो. ९८८ सीसीच्या तिच्या इंजिनाचा ब्लॉक प्रेशर डाय कास्टिंगने, म्हणजे पोलादी डायमध्ये धातू दाबाने भरून केलेला होता. चेक इंजिनिअरांना ही विद्या परकी नव्हती. कोल्ड चेंबर पद्धतीचे डाय कास्टिंग मशीन प्रागच्या जोसेफ पोलाक यांनी १९२० च्या दशकातच उभे केले होते. १००० एमबीमध्ये स्कोडाच्या इंजिनिअरांनी सिलिंडरसाठी ओले लायनर घेतले. लायनर ब्लॉकमध्ये ओतून न टाकता नंतर बसवायचा आणि त्याच्याभोवती थेट पाणी फिरवायचे. लायनर झिजला तर काढून नवा घालता येतो, ब्लॉक टाकून द्यावा लागत नाही. दुरुस्ती रस्त्याकडेला होणाऱ्या देशासाठी हा निर्णय माझ्या मते फार शहाणपणाचा होता. हेड मात्र बिडाचे. वर बीड, खाली ॲल्युमिनियम, दोघांचे फुगणे वेगळे आणि मध्ये बिचारे गॅस्केट. तरीही ही रचना सुधारत सुधारत फेव्हरिट आणि फेलिशियापर्यंत, तिच्या पिकअपपर्यंत टिकली.

तिसरे उदाहरण अमेरिकेचे, आणि ते धडा म्हणून आहे. शेव्हरले वेगा १९७१ च्या मॉडेल वर्षासाठी आली. मालासाठी पॅनेल एक्सप्रेस नावाची तिची व्हॅनही होती. हिच्यात लायनरच काढून टाकला होता. १७ टक्के सिलिकॉन असलेली मिश्रधातू ओतायची, बोअर घासून आणि रसायनाने कोरून सिलिकॉनचे कठीण कण उघडे करायचे, आणि लोखंडाचा मुलामा दिलेला पिस्टन त्यावर चालवायचा. प्रयोगशाळेत झीज उत्तम आली. लोकांच्या हातात मात्र पाण्याची पातळी खाली गेली, ब्लॉक तापला, वाकला, तेल जळू लागले. १९७६ साली कंपनीने सुधारलेल्या इंजिनाला ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांची हमी दिली, तोवर नाव गेले होते. पुढे उंची युरोपीय गाड्यांत याच जातीची मिश्रधातू बिनबोभाट चालली. धातू दोषी नव्हता. पाणी कमी ठेवणारा मालक परीक्षेत धरलाच नव्हता.

आता आपल्याकडचा मालक पाहा. पाऊण टनाच्या छोट्या हत्तीवर दीड टन कांदा, घाटात दुसरा गिअर, उतरल्यावर धाब्यावर इंजिन तसेच बंद. रेडिएटर तापला तर शेजारच्या बोअरचे पाणी. मराठवाड्यातल्या बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. उकळले की भिंतीवर खपली धरते, आणि त्या खपलीमागे ब्लॉक कुठे किती तापला हे काट्यावर दिसत नाही. क्लोराइड ॲल्युमिनियमला खड्डे पाडते. जुन्या पितळी रेडिएटरमधून सुटलेले तांबे त्या खड्ड्यांना आणखी खोल करते. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये नेमकी यासाठी असतात, आणि नुसते पाणी ओतत गेले की ती पातळ होऊन निकामी होतात.

कूलंटची एक जगन्मान्य परीक्षा आहे, एएसटीएम डी १३८४. तांबे, पितळ, सोल्डर, पोलाद, बीड आणि ओतीव ॲल्युमिनियम यांच्या पट्ट्या ८८ अंशांवर ३३६ तास कूलंटमध्ये बुडवून वजनातली घट मोजतात. कूलंट पातळ करायला ठरावीक खारे पाणी घेतात: क्लोराइड, सल्फेट आणि बायकार्बोनेट प्रत्येकी १०० पीपीएम. चांगली परीक्षा आहे, पण त्या पाण्यात सोडियमचे क्षार असतात, कॅल्शियम नसते. आपल्या बोअरचा जडपणा त्या काचपात्रात शिरतच नाही. म्हणून माझा आग्रह आहे की इथे विकल्या जाणाऱ्या धंद्याच्या गाडीच्या कूलंटची आणि ब्लॉकची एक फेरी करमाडच्या किंवा जालन्याच्या बोअरच्या पाण्यावरही व्हावी. खर्च नगण्य आहे.

आता कारखान्यात शिरू. ब्लॉकची परीक्षा ब्लॉक जन्मण्याआधी, भट्टीपाशी सुरू होते. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये लक्षणीय प्रमाणात विरघळणारा वायू एकच, हायड्रोजन. पावसाळ्यात हवा दमट, इन्गॉट ओले, आणि हायड्रोजन वाढतो. धातू गोठताना तो सुटतो आणि बारीक छिद्रे सोडतो. त्यासाठी नायट्रोजन किंवा अरगॉन फिरवून डिगॅसिंग करतात आणि ते झाले की नाही हे एका साध्या चाचणीने पाहतात. एकाच वेळी दोन छोट्या वाट्या भरायच्या; एक उघड्या हवेत गोठू द्यायची, दुसरी निर्वातात. दोन्हींची घनता काढायची. हवेतली २.६८ आणि निर्वातातली २.६० आली तर फरक जवळपास ३ टक्के. दुसरी वाटी उभी कापली की आतली भोके डोळ्यांनी दिसतात. पाच मिनिटांचे काम. ज्या पाळीत ते टाळले जाते त्या पाळीचे रिजेक्शन दोन दिवसांनी मशिन शॉपमध्ये उगवते, आणि तोवर भांडण भलत्याच दोघांत लागलेले असते.

प्रेशर डाय कास्टिंगमध्ये धातू सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत डाय भरतो. एवढ्या घाईत थोडी हवा आत अडकतेच. शिवाय जाड भाग शेवटी गोठतात आणि आकसून पोकळ राहतात. यातून एक विलक्षण गोष्ट घडते, आणि परीक्षेचा सगळा कस तिच्यात आहे. डायला लागून गोठलेली वरची कातडी, जेमतेम मिलिमीटरभर, घट्ट आणि निर्दोष असते. पोकळी तिच्या आत. ओतून आलेला कच्चा ब्लॉक लीक टेस्टला लावला तर तो थाटात पास होतो. मग मशिनिंग होते, कातडी सोलली जाते, आतली छिद्रे उघडी पडतात, आणि तोच ब्लॉक पाण्याच्या वाटेतून तेलाच्या वाटेत गळू लागतो. मशिनिंगनंतरची लीक टेस्ट म्हणून अटळ आहे; पण तोवर त्या ब्लॉकवर सगळा खर्च झालेला असतो. दोन्ही ठिकाणी टेस्ट करावी, आणि दोन्हींमधल्या फरकाचा आलेख ठेवावा. तो आलेख डायबद्दल जे सांगतो ते नुसता रिजेक्शनचा टक्का कधीच सांगत नाही.

लीक टेस्टच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबणारे पाहिले की मला काळजी वाटते. जुनी रीत पाण्यात बुडवून बुडबुडे पाहण्याची. तिच्यात वेळ जातो, पण गळती नेमकी कुठे ते दिसते. आज बहुतेक ठिकाणी कोरडी टेस्ट: ब्लॉकची तोंडे बंद करायची, हवा भरायची, दाब किती पडतो ते मोजायचे. निकाल काही दहा पास्कलवर ठरतो. आता वॉशिंग मशिनमधून निघालेला ब्लॉक कोमट आहे असे समजा. आत भरलेली हवा तापते आणि दाब वाढू पाहतो. एक बार दाबाने भरलेल्या हवेचे तापमान एका अंशाने बदलले तर दाब सुमारे साडेसहाशे पास्कलने बदलतो. खरी गळती त्यात पार झाकली जाते आणि दिवा हिरवा लागतो. डिसेंबरच्या पहाटे उलटे: रात्रभर शेडमध्ये गारठलेल्या ब्लॉकमध्ये हवा निवते, दाब पडतो आणि चांगला ब्लॉक नापास होतो. मशीन खोटे बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्न चुकलेला असतो. टेस्टआधी ब्लॉक शेडच्या तापमानाला येऊ देणे आणि दर पाळीला ठाऊक गळतीचा मास्टर लावून पाहणे, एवढ्यावर पुष्कळ निभावते.

सूक्ष्म छिद्रांवर इम्प्रेग्नेशनचा उपाय आहे. ब्लॉक निर्वातात ठेवून छिद्रांत पातळ रेझिन शिरवायचे आणि ते गरम पाण्यात घट्ट करायचे. उपाय खरा आहे, जगभर मान्य आहे. पण त्याने गळती थांबते, ताकद येत नाही. बेअरिंगच्या भिंतीतली किंवा हेड बोल्टच्या आट्यांजवळची पोकळी रेझिनने बुजवून पास करणे हा वाहतुकीच्या गाडीत गुन्हाच मानावा. पोकळी कुठे आहे हे एक्स-रे सांगतो, सीटी स्कॅन अधिक सांगतो, आणि करवत सगळ्यात जास्त सांगते. लायनर ओतीव ॲल्युमिनियमला खरोखर चिकटला आहे की मध्ये केसाएवढी फट आहे, तेही आडवा काप घेतल्यावर चोख कळते. त्या फटीतून उष्णता नीट जात नाही आणि बोअर तिथेच अंडाकृती होते.

शेवटची पायरी डायनोची. पूर्ण भारावर तापवलेल्या इंजिनात अचानक थंड पाणी सोडायचे, पुन्हा तापवायचे, पुन्हा थंड. हे चक्र शेकडो-हजारो वेळा. हेड आणि ब्लॉक एकमेकांवर घासत राहतात, गॅस्केट झिजते, बोल्टची पकड सैल होते. शंभर मिलिमीटरच्या पोलादी बोल्टच्या लांबीत ८० अंशांना ॲल्युमिनियम सुमारे ०.०८ मिलिमीटर जास्त फुगते. बोल्ट तेवढा ताणला जातो, आणि ॲल्युमिनियममधल्या आट्यांना तो ताण प्रत्येक चक्रात सोसावा लागतो. घाट, धाबा, घाट हे आपल्या चालकाचे चक्र प्रयोगशाळेत आणण्याचा हाच मार्ग.

कायदा यात किती लक्ष घालतो? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२६ नुसार गाडीचा नमुना पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो. तिथे शक्ती, धूर, ब्रेक, सुरक्षितता पाहिली जाते. तुमच्या ब्लॉकच्या भिंतीत पोकळी आहे का, हे कोणी पाहत नाही, आणि तसे पाहणे शक्यही नाही. ते काम पाळीवरच्या तपासनिसाचे. त्याच्या सहीनंतर थेट रस्ता.

म्हणून या पुस्तकात सूत्रांपेक्षा काप जास्त सापडतील. प्रकरणे वाचायला क्रम पाळण्याची गरज नाही; भट्टीवरच्याने भट्टीचे आधी वाचावे, डायनोवरच्याने डायनोचे. शब्द शॉप फ्लोअरवर चालतात तेच ठेवले आहेत.

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या क्वालिटी विभागांतल्या वाचकांना एक विनंती. नापास ब्लॉक भट्टीत परत जातो आणि त्याच्याबरोबर त्याचा पुरावाही वितळतो. तसे होण्याआधी आठवड्याला निदान एक ब्लॉक कापा. डायचा क्रमांक, शॉटची वेळ, धातूचे तापमान आणि त्या दिवशीच्या दोन वाट्यांची घनता कापाच्या फोटोखाली मराठीत लिहा, आणि ती वही पुढच्या पाळीच्या हाती द्या.